अठ्ठ्याऐंशी दिवसांची सुट्टी

ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेल्या कुठल्याही परदेशी पोरापोरीशी बोला, पाच मिनिटांत ८८ हा आकडा निघतोच. कुणाचे ८८ पूर्ण झालेत, कुणाचे अजून तीस बाकी आहेत. तिथल्या व्हिसाच्या नियमात तीन महिने काम म्हणजे ८८ दिवस धरतात. (मी हिशेब करून पाहिला. कुठलेही तीन सलग महिने घ्या, बेरीज ८९ च्या खाली जात नाही. आमच्याकडे टेस्टरने लगेच बग टाकला असता. असो.)

तर हा व्हिसा, 'वर्किंग हॉलिडे', ऑस्ट्रेलियाने १९७५ साली सुरू केला. आधी ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांसाठी, १९८० मध्ये जपान, १९९५ मध्ये दक्षिण कोरिया. कल्पना साधी होती: वर्षभर देश बघा, पैसे संपले तर मधेमधे कुठेतरी काम करा. सुट्टी मुख्य, काम तोंडी लावण्यापुरतं. कागदोपत्री ही देशादेशांतल्या देवाणघेवाणीची योजना होती, मजूर मिळवण्याची नव्हे.

मजुरांची अडचण मात्र तिथल्या शेतीला जुनीच. क्वीन्सलंडच्या ऊस-कापसासाठी १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं आणली गेली, काही कराराने, काही फसवून, काही चक्क पळवून. मग १९०१ मध्ये 'गोरा ऑस्ट्रेलिया' धोरणाचे कायदे झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्यातल्या बहुतेकांना परत पाठवण्यात आलं. त्यांच्यानंतर ऊस तोडायला इटालियन आले. पुढे उसाला यंत्र आलं. पण आंबा, स्ट्रॉबेरी, झुकिनी यांना अजून माणसाचाच हात लागतो, आणि तोही वर्षातून थोडेच आठवडे, शहरापासून दूर. गावातला माणूस अशा कामावर संसार चालवू शकत नाही. पाठीवर सॅक घेऊन हिंडणारा पोरगा मात्र चालतो. हंगाम संपला की तो आपणहून पुढच्या गावी जातो.

हे पोरगे राहायचे कसे, ते जगाला एका आगीमुळे कळलं. चाइल्डर्स हे क्वीन्सलंडमधलं उसाचं छोटं गाव. तिथल्या पॅलेस या जुन्या लाकडी हॉटेलात भाजी-फळं तोडणारी पोरं दाटीने राहत. २३ जून २००० च्या पहाटे एका माणसाने तिथे आग लावली. १५ जण गेले. धोक्याची घंटा वाजली नाही, एका खोलीच्या खिडकीला गज होते. आग लावणाऱ्याला जन्मठेप झाली. पण घंटा आणि गज यांची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकता येत नाही, असं मला वाटतं.

खरा बदल झाला नोव्हेंबर २००५ मध्ये, आणि तो दिसायला अगदी किरकोळ होता. ग्रामीण भागात तीन महिने हंगामी तोडणीचं काम केलंत तर दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मिळेल. बास, एवढीच एक अट. शेतकऱ्यांना माणसं मिळाली, पोरांना आणखी एक वर्ष मिळालं, सगळे खूष. २०१२-१३ मध्ये अशा व्हिसांची संख्या अडीच लाखांवर गेली.

पण काम केल्याचा पुरावा काय, तर एक फॉर्म, ज्यावर शेतमालकाने सही करायची. आता विचार करा. वीस वर्षांची मुलगी आहे, तिचे ७० दिवस भरलेत आणि मालक पैसे कमी देतोय. भांडून निघून गेली तर ते ७० दिवस सिद्ध कसे करणार? पूर्वी ती दुपारीच सॅक उचलून चालू लागली असती. मजुरी उक्ती, म्हणजे बादलीमागे किंवा पेटीमागे. झाडाला फळ कमी असलं तर दिवसभर राबून हॉस्टेलचं भाडंही सुटायचं नाही. आणि कित्येकदा हॉस्टेलवालाच काम मिळवून देणारा. एकाच माणसाकडे काम, छप्पर आणि सही, तर बोलायचं कुणाशी?

मे २०१५ मध्ये एबीसी वाहिनीच्या 'फोर कॉर्नर्स' कार्यक्रमाने हे सगळं घराघरांत पोचवलं. त्याच वर्षी फुकट केलेलं काम ८८ मध्ये धरणं बंद झालं आणि पगाराच्या पावत्या मागितल्या जाऊ लागल्या. कामगार लोकपालाच्या २०१६ च्या अहवालात ३५ टक्के जणांनी किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाल्याचं सांगितलं. १४ टक्क्यांना काम मिळवण्यासाठी आधी पैसे भरावे लागले होते, ६ टक्क्यांना सहीसाठी. सहीसाठी! उक्त्या मजुरीला खालची मर्यादा यायला मात्र एप्रिल २०२२ उजाडला. कामगार संघटना वेतन आयोगापुढे गेली, नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल लागला आणि तेव्हा कुठे ठरलं की बादल्या कितीही भरा, तासाचा किमान दर मिळालाच पाहिजे. म्हणजे अट लावायला एक ओळ पुरली आणि ती निस्तरायला सोळा-सतरा वर्षं.

आता आपला संबंध. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश तरुणांना ८८ दिवसांची अट माफ झाली. व्यापार करारात त्यांच्या सरकारने ते मागून घेतलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच जातीच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसासाठी भारतीयांची पहिली सोडत उघडली, तीही व्यापार कराराचाच भाग. वय १८ ते ३०, जागा वर्षाला १,०००, नाव नोंदवायचे २५ डॉलर. पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ४०,००० अर्ज आले. आपल्याला दुसरं वर्ष हवं असेल तर ती अट आहेच. ज्यांनी पन्नास वर्षं फळं तोडली ते शिडीवरून उतरले आणि शिडी आपल्याकडे आली.

माझ्या रूममेटने नाव नोंदवलंय. मी २९ चा, म्हणजे माझ्याकडेही फार वेळ नाही. त्याला मी एवढंच सांगितलं, की नंबर लागलाच तर पहिल्या दिवशी तीन गोष्टी विचार: मजुरी तासावर की उक्ती, पगाराची पावती दर आठवड्याला मिळणार का, आणि हॉस्टेल कुणाच्या मालकीचं आहे. तो म्हणाला, "अरे, मी समुद्र बघायला चाललोय."