दुरुस्तीची वही

विमानाच्या इतिहासावर बोलणे निघाले की आपल्याकडे प्रश्न एकच विचारला जातो : पहिले कोण उडाले? मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे यंत्र, आत माणूस न बसवता, पंधराशे फूट उंच नेले, ही कथा मराठी वाचकाला पाठ आहे. तिच्यावर २०१५ साली हिंदी चित्रपटही आला. मला इथे वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ते यंत्र मोडले तेव्हा दुरुस्त कोणी केले, कशाने केले आणि त्याची नोंद कुठे आहे?

असा प्रश्न सुचण्याला मी धारूरचा असणे थोडे कारणीभूत असावे. बालाघाटाच्या डोंगरातल्या आमच्या गावाला विमानतळाशी कधी काम पडले नाही. पण लाकूड आणि लोखंड एकत्र बांधले की दरवर्षी त्याची विचारपूस करावी लागते, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नसे. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आकसते आणि लोखंडी धाव ढिली पडते. मग ती काढायची, थोडी आखूड करायची, आगीत लाल तापवून पुन्हा चढवायची आणि वरून पाणी ओतायचे. थंड होताना ती चाकाला आवळून बसते. हे काम दाखवायला कोणी गर्दी जमवत नसे, पण ते झाले नाही तर गाडी वाटेत बसे.

एकावर एक असे दोन पंख असलेले विमान, म्हणजे बायप्लेन, याच जातीचे आहे. अनेक बायप्लेनांच्या पंखांचा सांगाडा लाकडी असतो, त्यावर कापड ताणून बसवलेले असते, कापडावर डोप नावाच्या रोगणाचे थर असतात आणि दोन्ही पंख खांब व तारांनी एकमेकांना बांधलेले असतात. अमेरिकेत अशी विमाने हौशी माणसे घरच्या गॅरेजमध्ये बांधतात. डेन्व्हरच्या एका शाळेतले शिक्षक लामार स्टीन यांनी तर विद्यार्थ्यांना बांधता यावे म्हणून ‘स्कायबोल्ट’ नावाचे बायप्लेन आखले. ते १९७० साली उडाले. घरी बांधलेल्या अशा विमानाची तिथे दर बारा महिन्यांनी तपासणी व्हावी लागते. विशेष म्हणजे, ज्याने ते बांधले त्याला रीतसर प्रमाणपत्र घेऊन ही तपासणी स्वतः करता येते. ज्याने जोडले, त्याला सांधे ठाऊक असतात, हा त्यामागचा विचार.

तपासणीत काय करतात? इंजिनावरचे पत्रे काढतात. जुने तेल काढून त्यात धातूचा चुरा आला आहे का ते पाहतात, कारण आतला भाग झिजू लागला की पहिली खबर तेल देते. प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा भरून दाब टिकतो का ते मोजतात, प्लग साफ करतात, मॅग्नेटोची ठिणगी वेळेवर पडते का ते जुळवतात. सुकाणूच्या तारांवरून फडके फिरवतात. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर फडके तिथे अडकते. कापडाची ताकद तपासतात. पंखाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली बारीक भोके बुजली नाहीत ना, हे बघतात. ती बुजली की आत लाकूड कुजते आणि वरून काही दिसत नाही. पुढचा पंखा लाकडी असेल तर त्याचे बोल्ट पुन्हा ठरल्या ताणाने आवळतात, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसते. बैलगाडीच्या धावेचेच हे दुखणे. शेवटी वहीत तारीख, काम आणि सही.

या वहीच्या नजरेने राइट बंधूंकडे पाहा. त्यांचे यंत्रही घरी बांधलेले बायप्लेनच होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि चौथे ५९ सेकंदांचे झाले, हे सर्वांना माहीत आहे. पण त्याआधीचे काही आठवडे दुरुस्तीत गेले होते. पंख्यांचे दांडे मोडले म्हणून ऑर्व्हिल डेटनला परत गेला आणि नवे पोलादी दांडे घेऊन आला. चाकांच्या चकत्या सैल होत होत्या, त्या सायकलच्या टायरच्या चिकट लुकणाने बसवल्या. १४ डिसेंबरला विल्बरचा प्रयत्न फसला आणि मोडलेले भाग सांधण्यात दोन दिवस गेले. उड्डाणावर शंका घेणारे पुष्कळ होते. पण इतकी मोडतोड रोजनिशीत, पत्रांत आणि छायाचित्रांत टिपलेली असताना उड्डाण खोटे ठरवणे अवघड होते. १९०५ साली त्यांचे यंत्र ३९ मिनिटे हवेत राहिले, तेही दोन वर्षांच्या डागडुजीच्या जोरावर.

तळपद्यांच्या कथेत नेमके हेच नाही. तिथे पंधराशे फूट आहेत, गर्दी आहे, प्राचीन विद्या आहे; पण फाटलेले कापड नाही, तुटलेली तार नाही, दुसरा प्रयत्न नाही. त्या कथेशी ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चे नाव जोडले जाते, तो ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९७४ साली तपासला. तो १९०४च्या आधीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे मात्र खरे होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेशी संबंध असलेला, यंत्राच्या ध्यासाने पछाडलेला तो माणूस होता. त्यांना एका चमत्कारापुरते उरवून आपण त्यांच्यातला कारागीर पुसून टाकला, ही माझी तक्रार आहे.

मराठी माणसाच्या विमानाची कागद असलेली गोष्टही आपल्यापाशी आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते बायप्लेन नाही, पण घरी बांधलेले आहे. आधीचे प्रयत्न फसले होते. २०१६ साली ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाण-चाचणीची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. ही वर्षे मोजताना कंटाळा येतो, आणि इतिहास म्हणून मला त्या कंटाळ्याचाच भरवसा वाटतो.

आमच्या धारूरच्या किल्ल्याबद्दलही असेच आहे. तो बांधणारा किश्वरखान आणि मोगलांनी जिंकल्यावर मिळालेले फतेहाबाद हे नाव बखरी-तवारिखांतून वाचायला मिळते. दर पावसाळ्यानंतर तटाचा ढासळलेला दगड परत बसवणाऱ्या गवंड्याला मात्र त्यांत जागा नाही. दगड हे दुर्लक्ष शतके सोसतो. कापड आणि लाकूड सोसत नाहीत, म्हणून विमानाच्या इतिहासाला गवंड्याची नोंद लागतेच.

तळपद्यांवर यापुढे ज्याला काम करायचे असेल त्याने चौपाटीवरच्या गर्दीचा साक्षीदार शोधू नये. त्याने कापडाची पावती शोधावी, सुताराच्या मजुरीचा हिशेब शोधावा, एखादा मोडलेला सांधा दाखवणारे चित्र शोधावे. तसे एक चिटोरे सापडले तरी ते यंत्र किती उंच गेले, यावर प्रामाणिकपणे बोलता येईल. तोवर त्यांच्या उंचीचा आकडा लिहिताना आपला हात थोडा आखडता असलेला बरा.