वऱ्हाडची प्रजा आणि मतदारयादी

ज्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते आणि ज्याला वर्धेच्या पात्राने मध्यप्रांताच्या जुन्या मुलखापासून वेगळे राखले, त्या यवतमाळ जिल्ह्यात ‘तुम्ही कोणाची प्रजा?’ या प्रश्नाला जवळजवळ शंभर वर्षे सरळ उत्तर नव्हते. मताचा अधिकार सांगणाऱ्याने आपले नागरिकत्व कागदाने सिद्ध करावे, अशी मागणी देशात आज जोर धरीत असताना या जिल्ह्याचा पूर्वेतिहास आठवणे अगत्याचे आहे.

1853 च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1864 मध्ये वऱ्हाडच्या आग्नेय भागाचा वेगळा जिल्हा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि 1905 च्या फेररचनेत त्याला यवतमाळचे नाव मिळाले. दरम्यान 1902 मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सालीना 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला, आणि लगोलग त्याचा कारभार मध्यप्रांताला जोडला. अंमल इंग्रजांचा, जमाबंदी इंग्रजांची, कचेऱ्या इंग्रजांच्या. सार्वभौमत्व मात्र निजामाचे. त्यामुळे वऱ्हाड कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हताच, आणि तिकडचे कायदे येथे स्वतंत्र हुकूम काढून लागू करावे लागत.

या गुंत्याची छाया मतपेटीवरही पडली. 1919 च्या सुधारणा कायद्याने थोड्या लोकांना मताधिकार दिला, तेव्हा कसोटी होती ती मालमत्तेची. सारा, प्राप्तिकर किंवा घराचे मूल्य यांवर मतदार ठरे, आणि ज्याच्या नावे खाते नाही त्याला यादीत जागा नव्हती. वऱ्हाडात निवडणुका रीतसर होत, परंतु निवडून आलेल्या माणसाला कायद्याने निर्वाचित सभासद म्हणता येत नसे. लोकांनी कौल द्यावा आणि सरकारने त्या कौलानुसार त्याची ‘नेमणूक’ करावी, असा मार्ग काढण्यात आला होता. वणीत जन्मलेले व यवतमाळला वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे मध्यवर्ती विधिमंडळात बसत, तेव्हा कामकाजाच्या वृत्तांतात त्यांच्या नावापुढे ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ असा उल्लेख असे. ज्या पुरुषाने 1930 साली पुसदला जंगल सत्याग्रह केला आणि ज्याला लोकांनी लोकनायक म्हटले, त्याच्या निवडीलाही त्याचा प्रांत परकी सार्वभौमत्वाखाली असल्याची बाधा होती. 1935 च्या कायद्याने वऱ्हाड व मध्यप्रांत मिळून एक प्रांत मानला आणि मतदारांची संख्या वाढवली. तरी पोडावरचा कोलाम, तांड्यावरचा बंजारा आणि कापूस वेचणारी भूमिहीन मजूर बाई या बहुसंख्येला मत मिळाले नाहीच.

हे चित्र पालटले ते 1947 नंतर. घटना अद्याप पुरी झालेली नसतानाच, बी. एन. राव सल्लागार असलेल्या घटनासमितीच्या सचिवालयाने प्रौढ मतदानाच्या याद्यांचे काम हाती घेतले. 1 जानेवारी 1949 हा दिनांक धरून 21 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचे नाव नोंदवायचे होते, आणि फाळणीने बेघर होऊन आलेल्या निर्वासितांपाशी कागद नसल्यामुळे, कायम वास्तव्याच्या इराद्याचे त्यांचे निवेदनच पुरेसे मानावे असे ठरले. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने या भूमीवरील जन्म, आईवडिलांपैकी एकाचा येथील जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य, यांपैकी एका आधारावर येथे अधिवास असलेल्याला नागरिक ठरवले. कालपर्यंत निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असलेला वऱ्हाडी शेतकरी एकही दस्तऐवज पुढे न करता 26 जानेवारी 1950 रोजी भारताचा नागरिक झाला आणि 1951–52 च्या पहिल्या निवडणुकीत देशातील 17 कोटींहून अधिक मतदारांपैकी एक म्हणून यादीत आला. तेव्हा यवतमाळ नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते.

पुढच्या कायद्यानेही हीच वृत्ती जपली. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे परकीयाचे नाव यादीत येऊ शकत नाही. तथापि नावनोंदणीचा नमुना 6 भरताना अर्जदाराने नागरिकत्वाची प्रतिज्ञा करावी, वय व रहिवास यांचा पुरावा द्यावा, आणि प्रतिज्ञा खोटी निघाल्यास शिक्षा भोगावी, अशी व्यवस्था राहिली. लालबाबू हुसेन खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने, ज्याचे नाव यादीत आहे त्याच्याविषयी अनुकूल गृहीत धरावे आणि हरकतीचा भार हरकत घेणाऱ्याने वाहावा, असे तत्त्व सांगितले.

याउलट, सर्वांकडेच कागद मागितला तर यवतमाळात काय हाती लागेल? तहसिलीच्या दप्तरखान्यातले जुने कोतवाल बुक उघडावे. बापाचे नाव, जात, जन्माची तारीख अशी नोंद सापडते. पण बाळाच्या रकान्यात बहुधा नुसते ‘मुलगी’ एवढेच असते, कारण नोंद बारशाआधीची. तीच मुलगी शाळेत गेली असेल तर दाखल-खारीज रजिस्टरात माहेरच्या नावाने, आणि लग्नानंतर मतदारयादीत नवऱ्याच्या नावाने व आडनावाने येते. तिन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत हे साऱ्या गावाला ठाऊक असते. टेबलामागच्या कारकुनाला मात्र ते पटवून द्यावे लागते, आणि त्यासाठी तिची मजुरी बुडते. केळापूर, मारेगाव, झरी भागातल्या पोडांवर कित्येक वृद्धांचा जन्म कोठल्याही बुकात नाही, आणि हंगामात ऊसतोडीला गेलेले तांड्यावरचे कुटुंब तपासणीच्या दिवशी घरी नसते.

बिहारमध्ये 2025 साली झालेल्या मतदारयादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात 2003 च्या यादीत नाव नसलेल्यांकडून ठरावीक 11 कागदांपैकी पुरावा मागण्यात आला. प्रारूप यादीतून सुमारे 65 लाख नावे गळली. मृत, स्थलांतरित, दुबार व न सापडलेले अशी कारणे निवडणूक आयोगाने दिली. पुढे आधारकार्डही ओळखीसाठी स्वीकारावे असे सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले. हीच मोहीम नंतर आपल्या शेजारच्या मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात व गोव्यातही जाहीर झाली.

यादी शुद्ध असावी, मृतांची व दुबार नावे काढावीत, परकीयाला मत नसावे, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो सिद्धतेचा भार कोणी वाहावा याचा. सरकारपाशी दप्तर आहे, नोकरवर्ग आहे, चौकशीचा अधिकार आहे. पोडावरच्या म्हातारीपाशी तिचा शब्द आणि गावाची साक्ष एवढेच आहे. साऱ्याची पावती नसलेल्याला 1919 च्या कायद्याने बाहेर ठेवले, तेव्हा निदान ती मालमत्तेची अट आहे हे उघड होते. कागदाची अट तेवढ्याच माणसांना बाहेर ठेवील आणि वर त्यांच्यावर परकेपणाचा संशय लादील. ज्या प्रांताचे स्वतःचे राष्ट्रीयत्वच शतकभर लोंबकळत होते, त्याच्या रहिवाशांना 1950 साली राष्ट्राने त्यांच्या शब्दावर आपले म्हटले. त्या विश्वासावर उभी राहिलेली यादी तपासण्याचा अधिकार राज्यसंस्थेला अवश्य आहे, परंतु संशयाचा खर्च तिने स्वतः सोसावा आणि चौकशीसाठी तिनेच मतदाराच्या दारी यावे.