संशोधन-अनुदान प्रशिक्षण, दिल्ली परिसरातील

संशोधन-अनुदान प्रशिक्षण : विद्यापीठाच्या किंवा संशोधनसंस्थेच्या स्वतःच्या अंदाजपत्रकाबाहेरचा पैसा मिळवण्यासाठी प्रस्ताव कसा लिहावा आणि तो मंजूर झाल्यावर नियमाने खर्च करून हिशेब कसा द्यावा, याचे संशोधकांना दिले जाणारे शिक्षण. अनुदान देणाऱ्या बहुतेक केंद्रीय यंत्रणा दिल्लीत असल्याने या शिक्षणाची घडणही बरीचशी दिल्ली, फरीदाबाद, सोनीपत या पट्ट्यात झाली. यातला पहिला भाग हल्ली बऱ्यापैकी शिकवला जातो. दुसरा भाग बहुतेक जण ठेचा खात शिकतात.

राजधानीत या यंत्रणांची मोठी दाटी आहे. नवीन मेहरौली मार्गावरच्या टेक्नॉलॉजी भवनात विज्ञान व तंत्रज्ञान विभाग (१९७१), लोदी रस्त्यावर जैवतंत्रज्ञान विभाग (१९८६), अन्सारीनगरात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (१९११ साली स्थापन झालेल्या संस्थेचे १९४९ मधील नवे नाव), बहादूरशाह जफर मार्गावर विद्यापीठ अनुदान आयोग. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) मुख्यालय रफी मार्गावर, पण बाहेरच्या संशोधकांना पैसे देणारा तिचा गट पुसा परिसरात. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाचे, म्हणजे ‘सर्ब’चे कार्यालय तर कित्येक वर्षे वसंत कुंजमधल्या एका मॉलमध्ये होते. दिल्लीबाहेरच्या संशोधकाला यातले कोणते दार कशासाठी ठोठावायचे हे कळणे, हाच या प्रशिक्षणाचा पहिला धडा म्हणावा लागेल.

सामाजिक शास्त्रांतील या शिक्षणाच्या आरंभाशी दोन मराठी नावे जोडलेली आहेत. व्ही. के. आर. व्ही. राव समितीच्या शिफारशीनंतर १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद (आयसीएसएसआर) स्थापन झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष, तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक पहिले सदस्य-सचिव होते. नाईकांनी ते पद १९७८ पर्यंत सांभाळले. अनुदान देणे आणि ते वापरू शकेल असा संशोधक घडवणे ही दोन्ही कामे एकाच परिषदेकडे आली, हे या रचनेचे वैशिष्ट्य. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवसांचे संशोधनपद्धती वर्ग आणि प्राध्यापकांसाठी दोन आठवड्यांचे क्षमतावर्धन कार्यक्रम ही आजची तिची ठरलेली रूपे. त्यांत नमुनानिवड, प्रश्नावली आणि सांख्यिकी यांना भरपूर वेळ मिळतो. प्रस्तावलेखनाला थोडा मिळतो, हिशेबाला सहसा मिळतच नाही.

विज्ञानशाखांचा इतिहास संस्थांच्या नावबदलांनी भरला आहे. १९७४ ची विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन परिषद, तिच्या जागी २००८ च्या कायद्याने आलेले ‘सर्ब’, आणि ५ फेब्रुवारी २०२४ पासून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान (एएनआरएफ). २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी प्रतिष्ठानाचा अंदाज ५०,००० कोटी रुपयांचा आहे आणि त्यातला मोठा वाटा उद्योग व दाते यांच्याकडून यावा अशी अपेक्षा आहे. सरकारी समितीपुढे प्रस्ताव मांडणे आणि कंपनीच्या संचालकापुढे तोच विषय मांडणे, ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. आपल्याकडच्या कार्यशाळा अजून पहिल्यातच रमल्या आहेत.

प्रस्तावलेखनाच्या शिक्षणात ज्या उपक्रमाने शिस्त आणली तो दिल्लीचा नव्हे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी २००८ मध्ये उभारलेली ‘इंडिया अलायन्स’ हैदराबादेत आहे. तिच्या विज्ञानसंवाद व अनुदानलेखन कार्यशाळा देशभर होत आल्या आहेत. परीक्षकाच्या खुर्चीत बसून प्रस्ताव वाचणे, उद्दिष्टे मोजकी ठेवणे, प्रत्येक रकमेमागचे कारण देणे, असा हा अभ्यास असतो. याच संस्थेने २०१८ मध्ये संशोधन-व्यवस्थापन उपक्रम सुरू केला आणि या कामाला भारतात स्वतंत्र व्यवसाय म्हणून ओळख मिळू लागली. अमेरिकेत अशा व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९५९ पासून आहे.

दिल्ली परिसरातले खरे प्रशिक्षण मात्र संस्थांच्या संशोधन-कार्यालयांत चालते. आयआयटी दिल्लीत प्रायोजित प्रकल्पांसाठी स्वतंत्र विभाग आहे. तिथल्याच ‘फिट’ या १९९२ मधल्या प्रतिष्ठानाकडून जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘बायरॅक’ या संस्थेच्या ५० लाख रुपयांपर्यंतच्या प्रारंभिक अनुदानासाठी नवउद्योजकांना मार्गदर्शन मिळते. सोनीपतच्या अशोका विद्यापीठात संशोधन-कार्यालय आहे. नव्या प्राध्यापकाला तिथे विचारायला माणूस सापडतो. दिल्ली विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात शिकवणाऱ्याला हे सुख नाही. तिथे प्राचार्य, बर्सर (पैशाच्या व्यवहारांवर देखरेख करणारा प्राध्यापक) आणि दोन-चार माणसांची लेखाशाखा एवढाच आधार, आणि त्यांनाही पगार व फीचे हिशेब उरकून मग प्रकल्पाकडे बघायचे असते.

मंजुरीचे पत्र आल्यावर सुरू होणारे काम असे. पैसा लेखाशीर्षांत वाटून येतो : मनुष्यबळ, रसायने व उपभोग्य वस्तू, प्रवास, आकस्मिक खर्च, उपकरणे, संस्थेचा वरखर्च. उपकरणांसाठी भांडवली शीर्षाखाली आलेल्या पैशातून रसायने घेता येत नाहीत, मग कपाट रिकामे असले तरी. कनिष्ठ संशोधन-सहायकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि वरिष्ठाला ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. प्रस्ताव लिहिताना भत्ता विसरला की तिसऱ्या वर्षी सहायकाचा पगार भागत नाही. खरेदी एरवी ‘जेम’ या सरकारी पोर्टलवरून करायची. खर्चाची नोंद पीएफएमएस या सरकारी वित्त-व्यवस्थापन प्रणालीत व्हायला हवी. सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार अनुदानावर मिळालेले व्याज केंद्राच्या तिजोरीत परत भरावे लागते आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत नमुना १२-अ मधील उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ‘यूसी’ या नावाने ओळखला जाणारा हा कागद अडला की पुढचा हप्ता अडतो. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय योजनांच्या निधीची पद्धतही बदलली. रिझर्व्ह बँकेमार्फत चालणाऱ्या व्यवस्थेत पैसा संस्थेच्या खात्यात पडून राहत नाही, शून्य शिलकीच्या खात्यातून लागेल तेवढा काढायचा असतो आणि न वापरलेली मर्यादा ३१ मार्चला संपते. मार्चमध्ये प्रयोगशाळांत एकदम खोकी येऊन पडतात, त्यामागचे एक कारण असा वर्षअखेरीचा हिशेब असतो.

परदेशी पैशाचे नियम आणखी कडक. परकीय योगदान नियमन कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला असा निधी प्रथम संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि हा निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी झाली. एका संस्थेने अनुदान घेऊन लहान संस्थांबरोबर संयुक्त अभ्यास करण्याची जुनी रीत यामुळे मोडली. चाणक्यपुरीतील सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या १९७३ च्या नामवंत संस्थेचा या कायद्याखालील परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. तेव्हापासून दिल्लीतल्या अभ्याससंस्थांत हा कायदा संशोधकांनाही तोंडपाठ करावा लागतो.

नियम चालू असतानाच बदलतात, ही आणखी एक अडचण. संशोधन-अनुदानावर वस्तू व सेवा कर लागतो का, हा प्रश्न आयआयटी दिल्लीला आलेल्या नोटिशीमुळे २०२४ मध्ये गाजला. ९ सप्टेंबर २०२४ रोजी कर परिषदेने दिल्लीतल्याच बैठकीत सवलतीची शिफारस केली. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक उपकरणांच्या खरेदीतही ढील दिली. निविदा न मागवता थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली आणि कुलगुरू व संचालकांना ‘जेम’बाहेर खरेदीचा अधिकार मिळाला. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यशाळेची टिपणे जपून ठेवलेल्या संशोधकाला यातले काहीच ठाऊक नसते.

प्रशिक्षणाची मुख्य उणीव नमुना १२-अ मध्येच दिसते. त्यावर सह्या लागतात त्या संस्थेच्या वित्तप्रमुखाच्या आणि संस्थाप्रमुखाच्या, आणि अनुदान-कार्यशाळांची निमंत्रणे जातात ती बहुतांशी संशोधकांना. प्रमुख संशोधक आणि लेखाधिकारी यांना एकाच बाकावर बसवणारा अभ्यासक्रम, तोही महाविद्यालयांसाठी, ही या क्षेत्राची आजची पहिली गरज आहे.