उद्याचं पाणी

सन 1900चा उन्हाळा. दिवस कलतोय आणि केडगावात, मुक्ती मिशनच्या विहिरीच्या काठावर वाकून तुम्ही आत बघताय. दिवसभर घागरी उतरत राहिल्या, आता तळ उघडा पडलाय. आवारात दुसरी विहीर आहे, तिचीही हीच गत. मागच्या मुलींची कुजबुज ऐका, त्यात गुजरातीही आहे. छप्पनिया दुष्काळानं त्यांना घरादारातून उठवून इथवर आणलंय. हातपाय काटक्यांसारखे, डोळे तेवढे मोठे.

तुम्ही मनात हिशेब मांडता. खाणारी-पिणारी माणसं सुमारे 1,900. शंभरावर गुरं. भाजीचे वाफे. शिवाय बांधकामाचा चुना कालवायलाही पाणी हवंच. आणि विहिरी दोन.

पांढऱ्या साडीतल्या, आखूड केसांच्या पंडिता रमाबाई, हे मिशन चालवणाऱ्या, काठाशी येतात, आत डोकावतात. त्यांनाही तळ दिसतो. अमेरिकेतल्या मंडळानं त्यांच्या कामाला दिलेलं दहा वर्षांच्या मदतीचं वचन 1898मध्येच पुरं झालंय. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरनं कुणापुढं हात न पसरता, फक्त देवापाशी मागून हजारो अनाथ मुलं वाढवली. त्याचं चरित्र त्यांनी वाचलंय. पण पुस्तकातली विहीर वेगळी आणि पायाशी कोरडी पडलेली वेगळी. त्या मुलींना जवळ घेऊन प्रार्थनेला बसतात. तुम्हीही बसा. माती अजून तापलेली आहे.

डोळे मिटताच चार वर्षं मागे जाता. 1896, लोणावळा. ख्रिस्ती मेळाव्याचे दिवस, पहाटेची वेळ, रानातली निवांत जागा. रमाबाईंबरोबर ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या 15 मुली इथं आल्यात. सूर्य वर येताना त्या देवाकडे एक मागणं मागतात: या पंधराचा वर्ग कर, पुढच्या मेळाव्याआधी 225 लेकरं दे. एवढ्यांना ठेवायचं कुठं, खायला काय घालायचं, ही शंका त्यांनाही शिवते. तरी त्या आकडा कमी करत नाहीत.

थोड्याच महिन्यांत मध्य प्रांतात दुष्काळ पडतो. रमाबाई तिकडे जातात, सुमारे 300 मुली घेऊन येतात. पुण्यात तेव्हा प्लेग. इतक्या जणींना शहरात ठेवायला सरकारी परवानगी नाही. मग फळबागेसाठी घेतलेली केडगावची जमीनच त्यांचं घर होते. मागितलेली लेकरं आली, पण दुष्काळाच्या वाटेनं आली. हे माझ्या घशाखाली सहज उतरत नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं. आणलेल्यांतल्या काही जणी वाचल्याही नाहीत. त्यांच्यासाठीही इथं प्रार्थना झालीच होती.

आणखी मागे चला, 1870च्या दशकात, दक्षिणेत. शास्त्र्यांची एक लेक शेजारच्या दारात उभी आहे. वडील भुकेनं गेलेत, आई अंथरुणाला खिळलीय, तिला घासभर अन्न हवंय. पोरीला संस्कृत श्लोक हजारोंनी पाठ आहेत, पण भाकरी मागायला जीभ उचलत नाही. नुसतं रडू येतं. शेजारीण समजते, बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवते. आईला तो गिळवत नाही. काही दिवसांत आई जाते.

आता समजलं ना, केडगावची ही बाई, म्हणजे तीच लेक, उपाशी पोरीला आधी नाव-गाव का विचारत नाही? त्या दारातून ती कधी परत आलीच नाही, असं मला वाटतं. म्हणून तिचा विश्वास मला हलका वाटत नाही. भुकेला काय चव असते ते तिला ठाऊक आहे, आणि तरीही ती मागते. तेही साठ्यासाठी नाही. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर आजच्यापुरतीच मागतात. ती पाणीही तसंच मागते.

कोंबडा आरवतो. तुम्ही पुन्हा 1900मध्ये, त्याच काठावर. रात्री झऱ्यांनी आपलं काम केलंय. दोन्ही विहिरींत पाणी आलंय, फार नाही, आजचा दिवस निघेल इतकं. संध्याकाळी पुन्हा तळ दिसेल, उद्या सकाळी पुन्हा पाणी असेल. त्या उन्हाळ्यात हे रोज घडत राहिलं, असं रमाबाईंनी पुढं लिहून ठेवलं.

एक बारकी मुलगी दोर सोडते. घागर पाण्यावर आपटल्याचा आवाज येतो. तिला एकटीला ती ओढवत नाहीये. दोराला हात लावा.