बुलडॉगचा चेहरा कसा घडला

इंग्लंडमधल्या 'बुल बेटिंग' या खेळाने बुलडॉग घडवला. भर बाजारात वळूला खुंटाशी बांधून त्याच्यावर कुत्रे सोडत. कुत्र्याने पोट जमिनीला लावत पुढे सरकायचे, शिंगे चुकवायची आणि वळूचे नाक धरायचे. मग त्याने कितीही हिसडे दिले तरी सोडायचे नाही. नाक हा वळूचा सर्वांत नाजूक भाग. तो दातांत सापडला की एवढे धिप्पाड जनावर जागीच थिजे. शिंगांवर घेतलेला कुत्रा मात्र उंच फेकला जाई आणि पुष्कळदा जिवाला मुके. झुंजवलेल्या वळूचे मांस मऊ होते अशी समजूत असल्याने काही शहरांत तसे न केलेले मांस विकणाऱ्या खाटकाला दंड होई. बर्मिंगहॅमच्या 'बुल रिंग' या बाजारपेठेच्या नावात हा खेळ अजून शिल्लक आहे.

त्या काळचा बुलडॉग आजच्यासारखा बसका नव्हता. 1817 मधल्या 'क्रिब अँड रोझा' या प्रसिद्ध चित्रातले कुत्रे पाहावेत: पाय उंच, अंग सडपातळ आणि पिळदार. वळूपुढे चपळाई हाच त्यांचा बचाव होता.

खेळावर बंदी आणण्याचे विधेयक 1800 मध्ये संसदेत फेटाळले गेले. अखेर 1835 च्या कायद्याने तो बंद झाला आणि बुलडॉगचे कामच संपले. चोरून चालणाऱ्या कुत्र्यांच्या झुंजींसाठी टेरियरशी संकर करून बुल टेरियर तयार झाला. मूळ जात मागे पडत गेली. तिला तारले श्वानप्रदर्शनांनी. 1860 मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात बुलडॉग उतरले, 1875 मध्ये लंडनमध्ये बुलडॉग क्लब निघाला.

पण प्रदर्शनात पकड कोण पाहणार? तिथे दिसण्यालाच बक्षीस. रुंद डोके, आखूड नाक आणि सुरकुत्या यांना मान मिळाला आणि पैदास करणाऱ्यांनी प्रत्येक पिढीत ती लक्षणे ताणली. ब्रिटिश चिवटपणाचे प्रतीक म्हणून हा चेहरा जगभर पोचला, तेव्हा खुद्द कुत्र्याला धाप लागू लागली होती. ही किंमत फार मोठी आहे. आखूड नाकामुळे त्याला श्वास घेताना त्रास होतो, ऊन सोसत नाही. पिल्लांचे डोके मोठे आणि मादीची कंबर अरुंद, त्यामुळे बाळंतपण बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनेच होते. 2009 मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीचे निकष बदलले. चिमटलेल्या नाकपुड्या आणि नाकावर येणारी जाड वळी तेव्हापासून दोष मानली जाते.