पाच सेंटिमीटर

विजेचा मासा!

इसवी सन ४७ च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने लिहून ठेवलंय की जुनाट डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि बधिरपणा आला की काढावा. गाऊट असेल तर मासा तळव्याखाली घेऊन ओल्या किनाऱ्यावर उभं राहायचं, पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर.

म्हणजे सुरुवात झाली ती अंगदुखीपासून. मनाचा नंबर फार उशिरा लागला. १८०१ च्या सुमारास इटलीत जोव्हानी आल्दिनीने (गॅल्व्हानीचा भाचा) खिन्नतेने ग्रासलेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला बॅटरी जोडली. त्याआधी स्वतःच्या डोक्याला जोडून पाहिली, तर काही दिवस झोपच उडाली. आपण रिलीजच्या आधी एवढं टेस्टिंग करत नाही :)

अडचण होती कवटीची. हाडातून वीज नीट आत जात नाही, वर कातडीला चटके बसतात. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाचं काही वाटत नाही. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून तिच्यात क्षणभर जबरदस्त करंट सोडला, आणि समोरच्याचा हात आपोआप हलला. हा आपला ट्रान्सफॉर्मरच की! प्रायमरी कॉइल बाहेर, सेकंडरी म्हणजे मेंदू. याचं नाव टीएमएस.

आता गंमत बघा. नैराश्यासाठी कॉइल कुठे धरायची? जुना नियम असा: आधी अंगठा हलवणारी जागा शोधा, मग तिथून ५ सेंटिमीटर पुढे सरका. (सगळ्यांची डोकी सारखी नसतात, त्यामुळे हा नियम बऱ्याचदा चुकतो, ते सोडा.) आणि जुनाट दुखण्यासाठी, विशेषतः नसांच्या, संशोधकांनी सर्वात जास्त वापरलेली जागा कोणती? तर जिथून मोजायला सुरुवात केली, तोच हालचालीचा पट्टा!

माझ्या ओळखीच्या एका काकूंची कंबर कित्येक वर्षं दुखतेय, त्यात नैराश्य. हाडांचे डॉक्टर म्हणतात मनाचं आहे, मनाचे म्हणतात आधी कंबर दाखवा. दुखण्याने झोप जाते, झोप गेली की मन खचतं, मन खचलं की दुखणं वाढतं. टीएमएसचा कागदोपत्री इतिहासही तसाच वेगवेगळ्या खिडक्यांवरचा. अमेरिकेच्या एफडीएने २००८ मध्ये नैराश्यासाठी परवानगी दिली, २०१३ मध्ये एका प्रकारच्या मायग्रेनसाठी, तीही वेगळ्या यंत्राला. दोन्ही दुखणी एकाच माणसाला असतील तर कॉइल मागे धरायची, पुढे धरायची की आलटून पालटून, यावर अजून एकमत नाही.