कोल्हापूरचे बोर्डिंग आणि कबनूरचा प्रथम वर्षाचा विद्यार्थी

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात पाऊल ठेवलेला विद्यार्थी वर्ष संपण्यापूर्वीच गळू नये, यासाठी काय करावे हा प्रश्न आज ‘समुपदेशन’ या नव्या शब्दाने मांडला जातो. शब्द नवा असला, तरी कोल्हापूरच्या परिसरात प्रश्न जुनाच आहे. राजाराम महाविद्यालय १८८० साली सुरू झाले. परंतु खेड्यातील मुलाला शहरात राहण्याजेवणाची सोय नसेल, तर ते असून नसल्यासारखेच, हे छत्रपती शाहू महाराजांनी ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच साली जैन, पुढे १९०६ मध्ये मुसलमान, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह.

या वसतिगृहांचा विचार बहुधा जातवार केला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्यांच्या आणखी एका कार्याकडे दुर्लक्ष झाले आहे. जेथे मुले एका पंगतीस बसतात, तेथे रिकामे राहिलेले पान त्याच रात्री दिसते. त्याची चौकशी करावयास निराळी योजना लागत नाही. निवारा तुटला की शिक्षण कसे तुटते, याचे उदाहरणही दूरचे नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोजचा, म्हणजे कबनूरच्याच हातकणंगले तालुक्यातला. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यापायी जैन बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. महाराजांनी आश्रय दिला, तरी ते मॅट्रिक झाले नाहीत. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापणाऱ्या या पुरुषाने पुढे बोर्डिंगलाच शिक्षणाचा पाया मानले, यात नवल ते काय! साताऱ्यास १९४७ साली निघालेल्या शिवाजी महाविद्यालयात आणि १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठातही ‘कमवा व शिका’ची परंपरा चालली.

कबनूरचा विद्यार्थी मात्र या परंपरेच्या बाहेर राहिला, आणि तोही महाविद्यालय जवळ असल्यामुळे! इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. वसतिगृहाची गरजच काय? तो घरी राहतो. पण इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून या भागात घर आणि माग यांतील अंतर कमी होत गेले आहे. घरी अडचण आली की मुलगा रात्रपाळीस जातो. घरच्यांना वाटते, तो दिवसा महाविद्यालयात असतो. महाविद्यालयाच्या लेखी तो घरी असतो. तो कोठे आहे हे फक्त माग चालविणाऱ्यास ठाऊक.

वर्गात आला तरी भाषेचा अडसर आहेच. शाळा मराठीतून, विज्ञान व वाणिज्य इंग्रजीतून. ‘समजले का?’ या प्रश्नास तो ‘हो सर’ म्हणतो. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा होकार अर्थाचा नसून आदराचा आहे. शिक्षक तो अर्थाचा समजतो आणि पुढचे प्रकरण घेतो. एटीकेटीच्या सवलतीने अनुत्तीर्ण विषयांसह दुसऱ्या वर्षात जाता येते. ती सवलत हवीच, पण तिच्यामुळे पहिल्या सत्रातले दुखणे कागदावर उशिरा उमटते.

नॅकच्या मूल्यमापनात मार्गदर्शक शिक्षकांमागे विद्यार्थी किती, हे विचारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ सुचविला. हेतू चांगले आहेत. परंतु मार्गदर्शनाची बैठक सकाळी अकरा वाजता ठेवली, तर रात्रपाळी करून आलेला मुलगा त्या वेळी झोपलेला असतो, आणि नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ एवढेच लिहिले जाते. पंगतीतले रिकामे पान ज्याच्या नजरेस पडे, त्या माणसाची जागा या नोंदवहीने घेतलेली नाही. आठवडाभर न दिसलेल्या मुलाच्या घरी त्याच गल्लीतील दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी धाडणे, हे त्या मानाने फार स्वस्त काम आहे. त्याला अनुदान लागत नाही, कदाचित म्हणूनच ते कोणत्याही योजनेत नाही.